रेझ्युमे लिहायला बसण्याआधी: कोणाला कोणता फॉरमॅट शोभतो

स्टोअर असिस्टंटच्या जागेसाठी आलेल्या एका अर्जाच्या शेवटी लिहिलं होतं : 'नाडी : मध्य. देवक : पंचपल्लव. अपेक्षा : सुशिक्षित व मनमिळाऊ.' मुलाने घाईत भलतीच फाइल जोडली होती. ऑफिसात सगळे पोट धरून हसले. मग मी त्याला फोन करून खरी फाइल मागवली. ती उघडली तर दोन्हींत फारसा फरक नव्हता. वडिलांचं नाव, जन्मतारीख, कायमचा पत्ता, छंद, मग दहावी-बारावीचे टक्के. वर्षभर एका गोदामात त्याने टॅलीवर मालाची आवक-जावक सांभाळली होती. आम्हाला नेमका असाच माणूस हवा होता आणि ती गोष्ट दुसऱ्या पानाच्या तळाशी एका ओळीत पडली होती.

पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांसाठी आणि त्यांच्या ऑफिसांसाठी माणसं निवडण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. नव्या मुलांची चूक बहुतेक वेळा भाषेत नसते, क्रमात असते. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, तेव्हा वाचणारा पान वरून खाली चाळतो. पहिल्या अर्ध्या पानात काही हाती लागलं तरच थांबतो. फॉरमॅट निवडायचा म्हणजे त्याची नजर आधी कुठे पडावी हे ठरवायचं.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. आपल्याकडे सगळ्यालाच 'बायोडेटा' म्हणतात. जाहिरातीत 'बायोडेटा पाठवा' असं असलं तरी खाजगी कंपनीला हवा असतो तो एक-दोन पानांचा रेझ्युमे. प्राध्यापकी किंवा संशोधनासाठी लागतो तो सीव्ही. त्यात शोधनिबंध, परिषदा, अध्यापन सगळं येतं आणि पानांची मर्यादा नसते. सरकारी भरतीत ठरलेला अर्जाचा नमुना भरायचा असतो, तिथे आपली कलाकुसर चालत नाही. पुढचं सगळं रेझ्युमेबद्दल आहे. तो बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच जातो. इथले नमुने मी समजायला सोपे जावेत म्हणून मराठीत देते आहे.

पायरी १ : आधी वही, मग लॅपटॉप

तयार टेम्पलेट उतरवून त्यात माहिती भरायला बसू नका. एका वहीत दहावीपासून आजपर्यंतचा हिशोब महिन्यानिशी लिहा. 'जून २०२० ते मे २०२१ : अमुक ठिकाणी अप्रेंटिस', 'जून ते ऑक्टोबर २०२१ : घरी', असा. जे मोजण्यासारखं वाटत नाही तेही लिहा. मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात दोन वर्षं बिलिंग केलं असेल, क्लासमध्ये आठवीची गणितं शिकवली असतील, सोसायटीचे हिशोब ठेवले असतील, सगळं.

मग या यादीतल्या तीन ओळींपुढे खूण करा. कोणत्या तीन? ज्यांच्याबद्दल कोणी विचारलं तर तुम्ही न अडखळता दहा मिनिटं बोलू शकाल त्या.

आता खुणा कुठे पडल्यात ते पाहा. गेल्या तीन-चार वर्षांत लागोपाठ असतील तर एक फॉरमॅट. जुन्या किंवा विखुरलेल्या असतील, मध्ये मोठी पोकळी असेल, तर दुसरा. नोकरीच्या ओळीपुढे एकही खूण नसेल तर तुम्ही फ्रेशर आहात. त्याचंही उत्तर आहे.

पायरी २ : तीन मांडण्या, त्यातली एक जवळजवळ विसरायची

पहिली रिव्हर्स क्रोनॉलॉजिकल. सगळ्यात ताजी नोकरी वर, मग तिच्या आधीची, असं मागे मागे जायचं. भरती करणाऱ्यांच्या डोळ्यांना हीच सवयीची आहे आणि नोकरीच्या पोर्टलांवरचे रकानेही याच क्रमाने मागतात. शंका असेल तेव्हा हीच घ्या.

दुसरी फंक्शनल. यात नोकऱ्या आणि तारखा बाजूला ठेवून 'संघटन', 'संवादकौशल्य', 'हिशोब' अशा मथळ्यांखाली कौशल्यं सांगतात. परदेशी वेबसाइटवर गॅप असलेल्यांना हिचा सल्ला सर्रास मिळतो. माझं मत स्पष्ट आहे : आपल्याकडे ही वापरू नका. तारखा नसलेला रेझ्युमे समोर आला की पहिला विचार हाच येतो की हा काहीतरी लपवतोय. शिवाय 'नेतृत्वगुण' ही ओळ कोणत्या कामातून आली हे कळत नसेल तर ती कोणीही लिहू शकतो.

तिसरी कॉम्बिनेशन, आपण मिश्र म्हणू. वर पाच-सात ओळींत तुमची नेमकी कौशल्यं, प्रत्येकीसोबत ती कुठे वापरली ते, आणि खाली सगळ्या नोकऱ्या तारखांसह उलट क्रमाने. ज्यांची जमेची बाजू आणि ताजी नोकरी एकाच जागी नाही, त्यांच्यासाठी ही.

पायरी ३ : तुमची परिस्थिती यातली कोणती?

*नुकतंच शिक्षण संपलंय.* आयटीआय, डिप्लोमा, पदवी, काहीही असो, शिक्षण वर येईल. पण शिक्षणाच्या चार ओळी झाल्या की लगेच हाताने केलेलं काम आलं पाहिजे. अप्रेंटिसशिप झाली असेल तर ती 'अनुभव' या मथळ्याखालीच लिहा, फक्त तिला अप्रेंटिसशिपच म्हणा, नोकरी म्हणू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केलेलं ते रीतसर काम आहे आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं. आयटीआयवाल्यांना नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट, डिप्लोमा-पदवीवाल्यांना बोट (बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग) मुंबईकडून. ते 'इतर माहिती'त ढकलणारी मुलं मी रोज पाहते.

ओळ कशी लिहायची? 'मशीन शॉपमध्ये काम केले' यातून मला काही कळत नाही. 'फानुक कंट्रोलरच्या व्हीएमसी मशीनवर ८ महिने. जॉब सेटिंग, टूल ऑफसेट आणि व्हर्निअर-मायक्रोमीटरने तपासणी स्वतः केली' असं वाचलं की मी फोन उचलते. कोणतं मशीन, कोणता कंट्रोलर, स्वतः काय केलं आणि सेटरने काय केलं, एवढं वेगळं सांगता आलं तरी पुरे.

टक्केवारीबद्दल एक सूचना. गुणपत्रिकेवर जे छापलंय तेच लिहा. सीजीपीएला साडेनऊने गुणण्याची पद्धत सीबीएसईच्या दहावीसाठी होती. तुमच्या विद्यापीठाचं सूत्र वेगळं असू शकतं आणि कागदपत्रं तपासताना तिथेच गाडी अडते. एटीकेटी राहिली असेल तर रेझ्युमेत जाहीर करायची गरज नाही. विचारलं तर मात्र खरं सांगा.

*काम कंपनीत, पगार कंत्राटदाराकडून.* चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर या पट्ट्यांत ही परिस्थिती हजारोंची आहे आणि रेझ्युमेबद्दलच्या सल्ल्यांत ती कुठेच नसते. चार वर्षं एका मोठ्या वाहन कंपनीच्या वेल्ड शॉपमध्ये उभं राहिलेला मुलगा रेझ्युमेत त्या कंपनीचं नाव लिहितो. त्याच्या दृष्टीने ते खरंच आहे. पण पीएफ भरला कंत्राटदाराने. पडताळणीत यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाची, सर्व्हिस हिस्टरी काढली की तिथे कंत्राटदाराचं नाव दिसतं आणि मुलगा खोटारडा ठरतो. निवड झाल्यावर असे गमावलेले मुलगे मला आठवतात. कामात एकेक जण सोन्यासारखा होता.

उपाय एका ओळीचा आहे :

'स्पॉट वेल्डर, ऑगस्ट २०१९ ते जुलै २०२३. नेमणूक : अमुक मनुष्यबळ पुरवठादार. कामाचे ठिकाण : अमुक कंपनी, चाकण.'

दोन्ही नावं समोर, कुठलंही खोटं नाही. कंत्राटदार दर अकरा महिन्यांनी बदलला पण जागा तीच राहिली, असंही होतं. मग कामाच्या ठिकाणाला मथळा करा आणि त्याखाली कंत्राटदार तारखांसह लिहा. नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं, हा दरवर्षी नोकरी सोडतो.

*स्पर्धा परीक्षेत वर्षं गेली.* राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, त्यामुळे तिशी ओलांडली तरी अभ्यासिकेत बसणं चालूच राहतं. एक दिवस घरचे म्हणतात, आता पुरे. मग हा मुलगा किंवा ही मुलगी पहिल्यांदा रेझ्युमे लिहायला बसते आणि चार वर्षांचं काय करायचं हे कळत नाही. काही जण मित्राच्या फर्मचं खोटं अनुभवपत्र आणतात. कृपा करून आणू नका.

पोकळी लपवायची नाही, तिला नाव द्यायचं : 'जून २०१९ ते मार्च २०२३ : राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, दोन वेळा मुख्य परीक्षा दिली.' एवढंच. वैकल्पिक विषय, वाचलेली पुस्तकं, रोजचे तास नकोत. कुठल्या टप्प्यापर्यंत पोचलात हे मात्र लिहा. पूर्व पार करून मुख्य देणं म्हणजे काय हे पुण्यातल्या कुठल्याही एचआरला माहीत असतं. दुसरं म्हणजे त्या वर्षांत पोट भरायला जे केलं ते शोधा. टेस्ट सिरीजचे पेपर तपासले, चालू घडामोडींच्या नोट्सचं भाषांतर केलं, क्लासवर भूगोल शिकवला, अभ्यासिकेचं व्यवस्थापन सांभाळलं. हा अनुभव आहे, तो तारखांसह वर घ्या. फॉरमॅट मिश्र : वर लेखन, भाषांतर, माहिती गोळा करून मांडणं अशी कामं पुराव्यासकट, खाली तारखा. सामाजिक संस्था, कंपन्यांचे सीएसआर (सामाजिक कामांचे) विभाग, शैक्षणिक मजकूर तयार करणाऱ्या कंपन्या यांच्याकडे हा रेझ्युमे चालतो. इंजिनिअरिंग केलेल्याला उत्पादन विभागात नोकरी हवी असेल तर ती जुनी पदवी पुन्हा वर आणावी लागेल.

*घरासाठी नोकरी सोडली होती.* माझ्यापुढे आलेला सगळ्यात बोलका रेझ्युमे एका अकाउंटंट बाईंचा होता. २०१० ते २०१६ एका कारखान्यात अकाउंट्स, मग बाळंतपण, सासऱ्यांचं आजारपण, आणि २०२३ मध्ये पुन्हा अर्ज. पहिला मसुदा सरळ उलट क्रमाचा, त्यामुळे वाचणाऱ्याला सगळ्यात वर दिसत होतं '२०१६'. अकाउंट्समध्ये हे नुसतं सात वर्षांचं अंतर नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी सोडलेल्या माणसाचा व्हॅट आणि एक्साइजवर हात बसलेला असतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न एकच : 'यांना जीएसटी येतो का?' येत होता! घरी बसून त्या भावाच्या आणि शेजाऱ्याच्या दुकानाचे जीएसटीआर-१ आणि ३बी हे जीएसटी रिटर्न भरत होत्या, टॅली प्राइमवर. पण 'ते काय घरचंच' म्हणून लिहिलंच नव्हतं.

मसुदा बदलला. पहिली ओळ : 'कारखान्यातील अकाउंट्सचा ६ वर्षांचा अनुभव, सध्या दोन दुकानांचे मासिक जीएसटी रिटर्न भरते.' त्याखाली चार ओळी, जीएसटी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, टॅली, प्रत्येकीपुढे कुठे केलं ते. मग तारखा, आणि तारखांच्या मध्ये निर्मळपणे : 'कौटुंबिक जबाबदारीमुळे नोकरीत खंड, २०१६ ते २०२३.' लिंक्डइनवर २०२२ पासून करिअर ब्रेक असा वेगळा रकानाच आहे, तोही भरायला सांगितलं. 'विश्रांती' हा शब्द मात्र मी खोडला. सात वर्षं त्या बाईंनी काय विश्रांती घेतली असेल!

*क्षेत्र बदलायचंय.* इथेही मिश्र. समजा सात वर्षं क्वालिटीत काढली आणि आता डेटा ॲनालिस्ट व्हायचंय. वर 'डेटा सायन्सची आवड' लिहिलं तर कोणी ढुंकून पाहणार नाही. 'रोजचा रिजेक्शनचा डेटा एक्सेलवरून पॉवर बीआयवर आणला, प्लांट हेडच्या सकाळच्या मीटिंगमध्ये तोच डॅशबोर्ड वापरतात' हे लिहा. जुन्या क्षेत्रातलं जे काम नव्या क्षेत्रात ओळखीचं वाटेल तेवढंच वर न्यायचं. पीपीएपीची (नव्या पार्टला ग्राहकाची मंजुरी घेण्याची) कागदपत्रं किती केली ते खाली एका ओळीत उरकलं तरी चालेल.

*बोटीवर आहात किंवा होता.* गोवा आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाचकांसाठी. मर्चंट नेव्हीत वरचे तिन्ही फॉरमॅट बाजूला राहतात. मॅनिंग कंपनीला, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या कंपनीला, तक्ता हवा असतो : जहाजाचं नाव, प्रकार, टनेज, पद, साइन ऑन, साइन ऑफ, वर सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक) आणि इंडोस (खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीचा) नंबर, एसटीसीडब्ल्यू हे जहाजावर लागणारे प्रशिक्षण कोर्सेस आणि त्यांच्या मुदती. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधले महिने गॅप धरले जात नाहीत. पण किनाऱ्यावर नोकरी शोधताना, म्हणजे हॉटेलात, बंदरावर किंवा कारखान्याच्या युटिलिटी विभागात, तोच तक्ता पाठवू नका. तिथल्या माणसाला 'सहा महिने काम, तीन महिने काही नाही' असंच दिसतं. सगळी कॉन्ट्रॅक्टं एका मथळ्याखाली बांधा आणि वर मिश्र पद्धतीने काम सांगा.

*देशाबाहेर.* थोडक्यात. अमेरिका, कॅनडा, ब्रिटनसाठी फोटो, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती काढून टाका. आखातात फोटो, राष्ट्रीयत्व, व्हिसाची स्थिती, ड्रायव्हिंग लायसन्स हे सगळं चालतं, बऱ्याचदा मागतातच. युरोपसाठी युरोपासचा तयार नमुना फुकट मिळतो. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून त्याबद्दल विचारणारे वाढलेत. जर्मनांना तारखांचा नीट तक्ता आवडतो, भाषेची पातळी ए२, बी१ अशी लिहावी लागते आणि रिकामा महिना दिसला की ते विचारतात.

*एकाच क्षेत्रात सरळ चढत गेलात.* उलट क्रम, दोन पानं, शेवटच्या दोन नोकऱ्यांना जास्त जागा, पंधरा वर्षांपूर्वीच्या नोकरीला एक ओळ. तुम्हाला हा लेख वाचायची गरज नव्हती.

पायरी ४ : पानाचा वरचा तिसरा हिस्सा

नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच, फक्त आधी स्वतःचं, मग आडनाव. कॉलेजच्या फॉर्ममुळे आडनाव आधी लिहायची सवय लागलेली असते, मग फोनवर समोरची व्यक्ती 'मिस्टर संदीप, तुमचं पहिलं नाव?' असं विचारते. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या असतील तर नावाखालीच पूर्वीचं नाव लिहा आणि राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र तयार ठेवा.

पूर्ण पत्ता नको, पण 'पुणे' एवढंही पुरत नाही. शॉप फ्लोअरच्या जागेला मी सगळ्यात आधी पाहते माणूस राहतो कुठे, कारण कंपनीची बस आणि तिसरी पाळी. 'मोशी, पुणे' लिहा. आधार नंबर, पॅन, जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांतलं काही नको. 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे सत्य आहे' आणि खाली स्थळ, दिनांक, सही हेही खाजगी नोकरीत आता कोणी मागत नाही.

करिअर ऑब्जेक्टिव्ह काढा. 'आव्हानात्मक वातावरणात काम करून कंपनीच्या आणि स्वतःच्या प्रगतीत योगदान देणे' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की झोपेत म्हणू शकते. त्या जागी तीन ओळी : काय करता, कशावर करता, काय हवंय. खूण केलेल्या तीन ओळींचा अर्क इथेच उतरतो.

पायरी ५ : फाइल

सुंदर दोन रकान्यांची, डावीकडे रंगीत पट्टी, कौशल्यांपुढे चांदण्या अशी टेम्पलेटं टाळा. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर कधीकधी दोन रकान्यांतल्या ओळी आडव्या जोडून वाचतं. तपासायचं असेल तर पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे जो क्रम दिसेल, साधारण तसाच मशीनला दिसतो. आणि एक्सेलमध्ये पाचपैकी चार चांदण्या म्हणजे काय, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पतसंस्था, मराठी वृत्तपत्रं, मराठी शाळा, ग्रामीण भागातल्या संस्था यांच्याकडे मराठीत रेझ्युमे द्यायचा असेल तर तो युनिकोडमध्येच टाइप करा. सायबर कॅफेत जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर नुसती अगम्य अक्षरं दाखवते.

फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. 'न्यू रेझ्युमे फायनल २' या नावाच्या माझ्या संगणकावर किती फाइल असतील देव जाणे.

पायरी ६ : तारखा जुळवा

ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) सदस्य पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडा आणि रेझ्युमेतल्या तारखा तिच्याशी, रिलीव्हिंग लेटरशी आणि नोकरीच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलशी ताडून पाहा. तीन ठिकाणी तीन वेगळे महिने हा अगदी नेहमीचा घोटाळा आहे. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नसते, हेही बरेचदा तेव्हाच कळतं. निवड झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ता दुरुस्त करून घ्या.

पायरी ७ : वीस सेकंद

प्रिंट काढा. तुमच्या कामाबद्दल फारसं माहीत नसलेल्या कोणाला तरी द्या, धाकट्या बहिणीला, शेजारच्या काकांना. वीस सेकंद मोजा आणि कागद काढून घ्या. विचारा, 'काय काय आठवतंय?' वहीत खूण केलेल्या तीनपैकी दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या तर पाठवा. 'तुला क्रिकेट आवडतं' असं उत्तर आलं तर पुन्हा पायरी दोन.